एक खुर्ची मागायची होती

आमची नणंद कॉलेजात मराठी शिकवते. पोरांना अर्जलेखन, पत्रलेखन शिकवण्यात तिची हयात चालली आहे. तरी गेल्या महिन्यात ती एक कोरा कागद घेऊन कळंब्याला आमच्या घरी आली आणि म्हणाली, "भाभी, एवढा अर्ज लिहून द्या." आम्ही हसलो. म्हटलं, "अगं, तू एम.ए., नेट झालेली. आम्ही बी.एड. करून शाळेत उर्दू-मराठी शिकवणारे. तुझा अर्ज आम्ही लिहायचा?" तर म्हणाली, "बाकी सगळं लिहिता येतं. पहिलं वाक्यच लिहिता येत नाही."

पहिलं वाक्य होतं : मला संधिवात आहे.

संधिवात म्हटलं की आपल्याकडं लोकांना आजीचे गुडघे आठवतात. हा तो नव्हे. वयानं सांधे झिजतात ते दुखणं वेगळं. नणंदेला आहे तो रुमॅटॉइड संधिवात. यात शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणाच चुकून आपल्या सांध्यांच्या अस्तरावर उठते. पुरुषांपेक्षा बायकांत तो दुप्पट-तिप्पट दिसतो, आणि पुष्कळदा ऐन कर्तेपणाच्या वयात गाठतो. हातांची बोटं, मनगटं, पावलं आधी धरली जातात. सकाळी उठल्यावर तासभर, कधी दीड तास, मूठ वळत नाही. कुर्त्याचं बटण लागत नाही, नळाची तोटी फिरत नाही. दहा-अकरा वाजले की हळूहळू हात मोकळे होतात, आणि दुपारी तिला पाहणाऱ्याला वाटतं, हिला काय झालंय? धडधाकट तर आहे.

आता तिचं वेळापत्रक ऐका. पहिला तास सकाळी साडेसातला, दुसऱ्या मजल्यावर. खडू धरून फळ्यावर लिहायचं. परीक्षा आल्या की तीन-तीन तास उभं राहून पर्यवेक्षण, मग उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. नॅकची समिती येणार म्हटलं की महिनाभर फायलींची चळत. नोकरी तासिका तत्त्वावरची. ज्यांच्या घरात अशी नोकरी आहे त्यांना सांगायला नको, इतरांसाठी सांगतो : जेवढे तास घेतले तेवढ्याचेच पैसे. आजारपणाची पगारी रजा नाही, उन्हाळ्याच्या सुट्टीचा पगार नाही, आणि दर वर्षी नव्यानं मुलाखत, नव्यानं नेमणूक. जी बाई पुढच्या जूनमध्ये पुन्हा त्याच टेबलासमोर मुलाखतीला बसणार आहे, ती फेब्रुवारीत "मला खुर्ची द्या" कशाला म्हणेल?

शनिवारी रात्री ती मेथोट्रेक्सेटची गोळी घेते. हे औषध आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं, हे या आजाराच्या भगिनींनी नीट लक्षात ठेवावं. दुसरा दिवस मळमळीत जातो. म्हणून शनिवार. रविवार मळमळीला दिला की सोमवारी कॉलेज. सात वर्षांत तिला रविवार असा मिळालेलाच नाही.

तिला पहिलं वाक्य लिहिता येत नव्हतं, यात आमचाही हात आहे. तो कबूल केल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

बोटं सुजायला लागली तेव्हा घरात सगळ्यांचं एकच, वाऱ्याचं दुखणं आहे, तेल चोळा. मग ओळखीतल्या कुणीतरी पुड्या आणून दिल्या. आठ दिवसांत जादूसारखा आराम पडला. महिन्याभरात चेहरा चंद्रासारखा गोल झाला, आणि पुड्या थांबवल्या तशी ती अंथरुणातून उठेना. पुढं डॉक्टरांनी सांगितलं की अशा बिननावाच्या पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. हेही सांगितलं की या आजारात पहिले काही महिने सोन्याचे असतात. तेव्हाच नेमकं औषध सुरू झालं तर सांधे वाकडे होण्यापासून बरेचसे वाचतात. आम्ही ते महिने तेलात आणि पुड्यांत घालवले. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं आज जरा बाहेर वळलेली आहेत.

त्यानंतर मिरजेकडून रिश्ता आला. पाहुणे यायच्या दिवशी अम्मींनी, म्हणजे आमच्या सासूबाईंनी, औषधांची पाकिटं आमच्या हातात दिली आणि आम्ही ती पिठाच्या डब्यामागं नेऊन ठेवली. चहाचा ट्रे तिच्या मनगटांना पेलणार नाही म्हणून आमच्या मुलीच्या हातात दिला आणि पाहुण्यांना सांगितलं, "लहानीला हौस आहे." नणंद सगळं पाहत होती. पुढं तिनं स्वतःच मुलाला फोनवर खरं सांगितलं. गोळ्या कायमच्या आहेत, मूल हवं असेल तर डॉक्टरांना विचारून औषध आधी काही महिने बदलावं लागेल, हेसुद्धा. रिश्ता मोडला. अम्मी आठ दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. घरातून जी मुलगी हे शिकून निघते की आजार म्हणजे पिठाच्या डब्यामागं ठेवायची वस्तू, ती स्टाफरूममध्ये जाऊन काय वेगळं करणार? तिनंही तेच केलं. पर्सच्या आतल्या कप्प्यात गोळ्या, आणि सुजलेल्या हाताचं कारण विचारलं तर "दारात बोट सापडलं". वर्षातून चार वेळा दारात बोट सापडणारी बाई म्हणून तिची थट्टाही होत असे.

तपासणीला तिच्याबरोबर शहरात जाताना बस सीपीआर हॉस्पिटलवरून जाते. कोल्हापूरकरांना ती जुनी इमारत डोळे मिटूनही दिसते. हे पूर्वीचं आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. डॉ. आनंदीबाई जोशी अमेरिकेतून वैद्यकीची पदवी घेऊन परतल्या तेव्हा कोल्हापूर संस्थाननं याच हॉस्पिटलच्या स्त्री-विभागाची जबाबदारी त्यांना देऊ केली होती. १८८३ साली त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या तेव्हाच प्रकृती बरी नव्हती. डोकेदुखी, ताप, थकवा मागं लागलेलाच होता. फिलाडेल्फियाच्या थंडीत, परक्या अन्नावर, त्या शिकल्या आणि ११ मार्च १८८६ ला पदवी घेतली. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयानं गेल्या. बावीस वर्षं पुरी व्हायला महिना उरला होता. कोल्हापूरच्या त्या खुर्चीवर त्या बसल्याच नाहीत.

आम्ही शाळेत आनंदीबाईंवर मुलींकडून किती भाषणं बसवून घेतली असतील! त्या दिवशी बसमध्ये नणंद म्हणाली, "भाभी, तुमच्या भाषणात बोट सुटते आणि लगेच मरण येतं. मधली तीन वर्षं ती वर्गात कशी बसली असेल, हे कुणी सांगतच नाही." खरं आहे. आजारी बाईच्या आपल्याकडं दोनच गोष्टी सांगतात. एकीत ती शहीद होते, दुसरीत आजारावर मात करून पदक आणते. आमची नणंद यांपैकी काहीच करणार नाही. ती मरणार नाही आणि बरीही होणार नाही. तिला रोज सकाळी साडेसातला हजर राहायचं आहे.

तिचं पीएच.डी.चं काम लोकसाहित्यावर आहे. करवीर, कागल, पन्हाळा या भागांतल्या वयस्क मुस्लिम बायांनी जात्यावर म्हटलेल्या ओव्या ती गोळा करते. त्यासाठी गावोगाव जायचं, सोप्यात जमिनीवर बसायचं आणि नानीला आठवेल तोवर वाट बघायची. गुडघे धरलेल्या बाईनं जमिनीवर बसणं आणि पुन्हा उठणं म्हणजे काय, हे ज्याचं त्याला ठाऊक. तिच्या टेबलावर दुर्गाबाई भागवतांचं 'लोकसाहित्याची रूपरेखा' कायम उघडं असतं. १९५६ सालचं पुस्तक. त्या दुर्गाबाईंची हकिगत तिनंच आम्हाला सांगितली, आणि आम्ही कितीतरी दिवस ती डोक्यातून काढू शकलो नाही.

भागवतांच्या घरात दोन बहिणी. दुर्गाबाई थोरल्या, १९१० च्या. धाकट्या कमलाबाई, पुढच्या कमला सोहोनी. कमलाबाईंना बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी केवळ मुलगी म्हणून आधी प्रवेशच नाकारला होता. त्यांनी हट्ट धरला, एक वर्षाच्या परीक्षेवर प्रवेश मिळवला, आणि १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. घेतली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. थोरल्या दुर्गाबाई एम.ए. झाल्या आणि पीएच.डी.साठी मध्य प्रांतातल्या आदिवासींमध्ये जाऊन राहिल्या. तिथं विषारी सुरण खाण्यात आला. विषबाधेनं त्या अंथरुणाला खिळल्या, आणि त्या दुखण्यात सुमारे सहा वर्षं गेली. पीएच.डी. राहिली ती राहिलीच.

दोघी एकाच आईबापांच्या, दोघी हुशार, दोघी हट्टी. एकीच्या वाटेत माणूस आडवा आला, तो हट्टानं बाजूला करता आला. दुसरीच्या वाटेत तिचं स्वतःचं शरीर आडवं आलं. त्याच्यापुढं हट्ट कसा धरायचा?

दुर्गाबाई पुढं काय झाल्या ते महाराष्ट्र जाणतो. 'ऋतुचक्र', 'व्यासपर्व', 'पैस', लोककथांचं डोंगराएवढं काम. १९७५ मध्ये आपल्या जवळच, कराडला साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा झाल्या, आणीबाणीविरुद्ध बोलल्या, तुरुंगात गेल्या. मुंबईच्या एशियाटिकच्या ग्रंथालयात वर्षानुवर्षं बसून त्यांनी जे वाचलं-लिहिलं, ते बहुतेक विद्यापीठाबाहेर राहूनच. पुण्याच्या गोखले संस्थेत काही काळ त्यांनी समाजशास्त्र शिकवलं, तेवढंच. आम्हाला आमच्या वाचकांनी एवढ्यावर समाधान मानू नये असं वाटतं. बघा, पदवी नसतानाही केवढं केलं, असं म्हणून आपण टाळ्या वाजवतो. पण ज्या विद्यार्थ्यांना दुर्गाबाईंसारख्या बाईंच्या हाताखाली पीएच.डी. करता आली असती, त्यांचं काय? आणि दुर्गाबाई नसलेल्या बायका? सहा वर्षं अंथरुणात गेल्यावर घरी बसलेल्या साध्या हुशार बायकांची नावं कुठल्या पुस्तकात येत नाहीत.

सहा वर्षं हा आकडा तिनं उगाच काढला नव्हता. पीएच.डी. नोंदणीपासून सहा वर्षांत संपवायची, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा नियम आहे, आणि तिची सहा वर्षं भरत आली होती. त्यांतलं सव्वा वर्ष तर हात सुजलेला असल्यामुळं एक पान पुढं सरकलं नव्हतं. आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीत स्त्रियांना आणि चाळीस टक्क्यांहून जास्त अपंगत्व असणाऱ्यांना जादा दोन वर्षांची सवलत आहे. तीत बाळंतपणाच्या आणि बालसंगोपनाच्या रजेचीही २४० दिवसांपर्यंत तरतूद आहे. ज्या घरांतल्या लेकी-सुना पीएच.डी. करतात त्यांनी हे वाचून ठेवावं, कारण पुष्कळ मुलींना ते माहीत नसतं आणि त्या घाबरून नोंदणीच सोडून देतात. पण गंमत बघा. नणंदेला दोन वर्षं मिळू शकतात ती बाई असल्याबद्दल. आजारी असल्याबद्दल तिच्यासाठी रकाना नाही.

मग अपंगत्वाचा दाखला काढावा म्हटलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं यादी बरीच वाढवली आहे. आधी सात प्रकार होते, आता एकवीस आहेत. थॅलॅसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरॉसिस हे आजार त्यात नावानिशी आले. रुमॅटॉइड संधिवाताचं नाव नाही. हातापायांच्या हालचालीत कायमचा फरक पडला असेल तर तो मोजून टक्के मिळतात. म्हणजे सांधे पुरते वाकडे होईपर्यंत थांबायचं. औषधं नियमित घेऊन बोटं शाबूत ठेवली तर टक्के भरत नाहीत! शिवाय हा आजार कमी-जास्त होणारा. तपासणी दुपारी बारा वाजता, त्या वेळी तिची मूठ वळते. सकाळी सातची मूठ कागदावर कशी आणायची? आम्ही तो नाद सोडला.

सोय करून द्या, हे सांगण्यासाठी आपल्याला खरं तर कायद्याचं पुस्तक उघडायची गरज पडू नये. आपल्या घरांत ही गोष्ट लहान मूलही जाणतं. उभं राहून नमाज जमत नसेल तर बसून, बसून जमत नसेल तर आडवं होऊन. आजाऱ्यानं रोजे नंतर धरावेत. बरं होण्याची आशाच नसेल तर फिदया द्यावा. याला रुख्सत म्हणतात, आणि रुख्सत घेणाऱ्याची इबादत कमी प्रतीची मानली जात नाही. आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत मागच्या रांगेला खुर्च्या ठेवल्या आहेत. कुणी येऊन त्यावर बसतो, कुणी त्याला टक्के विचारत नाही. तरी आमच्याच घरात त्या वर्षी रमजानमध्ये नणंदेनं "लोक काय म्हणतील" म्हणून गोळ्या चुकवून रोजे धरले, आणि ईदच्या दिवशी तिला शिरखुर्म्याचा वाडगा हातात धरवेना. डॉक्टर रागावले, ते बरोबरच होतं. पण तिला आम्ही तरी आधी कुठं अडवलं होतं? अल्लाहनं दिलेली सवलत घ्यायला लाजणारी मुलगी प्राचार्यांकडं सवलत मागेल, ही अपेक्षाच चुकीची.

आता उरला मोठा प्रश्न. तिनं साडेसातचा तास सोडला तर तो घेणार कोण?

इथं आम्हाला एक जुनं पत्र आठवतं. १० ऑक्टोबर १८५६ चं. सावित्रीबाई फुले आजारी पडून माहेरी भावाकडं गेल्या होत्या. दुखणं बरंच मोठं असावं. तिथून त्यांनी जोतिबांना पत्र लिहिलं. अंथरुणातून उठत असतानाच भावाशी वाद करावा लागला. भाऊ त्यांच्या शाळेच्या कामाला नावं ठेवत होता, त्याला त्यांनी कसं उत्तर दिलं ते सगळं पत्रात आहे. आणि त्यात फातिमाचा उल्लेख येतो. आपल्यामागं तिच्यावर कामाचा भार पडला असेल याची सावित्रीबाईंना जाणीव आहे, आणि ती कुरकुर करणार नाही याचा भरवसाही आहे. फातिमा शेख यांच्याविषयीचे त्या काळचे कागद मोजकेच हाती आहेत. दरवर्षी जानेवारीत त्यांच्यावर मोठमोठी भाषणं होतात, आम्हीही केली आहेत. पण एक बाई आजारी पडली आणि दुसरीनं तिचे वर्ग चालू ठेवले, हे त्या उल्लेखातून जेवढं लख्ख दिसतं तेवढं आमच्या भाषणांत कधी दिसलं नाही. आजारातून उठल्यावर परत यायला शाळा जागेवर राहिली, ती अशी.

सावित्रीबाईंना फातिमाकडून हे मिळालं कारण फातिमाला त्या आजारी असल्याचं ठाऊक होतं. आमची नणंद सात वर्षं दारात बोट सापडल्याचं सांगत होती.

तेव्हा अर्ज लिहिला. आम्ही सांगत गेलो, तिनंच लिहिलं. दुपारची वेळ होती, हात मोकळा होता. पहिलं वाक्य लिहून झाल्यावर ती उठून पाणी पिऊन आली. पुढं चार मागण्या होत्या : वर्ग तळमजल्यावर द्यावा, तास दहानंतरचे द्यावेत, वर्गात आणि पर्यवेक्षणाला खुर्ची असावी, आणि पीएच.डी.च्या मुदतवाढीसाठी विद्यापीठाला शिफारस करावी. आम्ही "कृपावंत होऊन" असं एक टाकलं होतं, ते तिनं खोडलं. डॉक्टरांचं पत्र मागं जोडलं.

काय झालं ते सांगतो. तळमजला मिळाला. खुर्ची दुसऱ्याच दिवशी मिळाली. शिपायानं ती आणून ठेवली आणि म्हणाला, "मॅडम, आधीच सांगायचं की." तासांचं मात्र अडलं. वेळापत्रक ठरून गेलं होतं. मग विभागातल्या एका बाई, त्याही तासिका तत्त्वावरच्याच, आपणहून म्हणाल्या की साडेसातचा तास मी घेते, माझा दीडचा तू घे, मलाही मुलाला शाळेतून आणायला बरं पडेल. दोघींचे तास तेवढेच, पैसे तेवढेच. सात वर्षं एकाच टेबलावर डबा खाणाऱ्या बायका होत्या या! मुदतवाढीचा अर्ज विद्यापीठात गेला आहे, समितीची बैठक व्हायची आहे. पुढच्या जूनच्या मुलाखतीत ही खुर्ची तिच्या आड येईल का, ही धाकधूक आम्हाला आहे, तिलाही आहे.

अम्मींनी त्या दिवशी विचारलं, "लिहून दिलंस? सगळ्यांना कळलं?" ती म्हणाली, "हो, अम्मी." अम्मी काही बोलल्या नाहीत. पण परवा तिची औषधं आणायला त्या स्वतः कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्या आणि पिशवी झाकून न घेता आल्या.

सध्या नणंद शनिवार-रविवार आमच्याकडंच असते. मोबाईलला बोलून मजकूर सांगते, तो टाइप होतो. ओव्यांचं बोलणं मोबाईलला काही केल्या कळत नाही. 'दळण' म्हटलं की 'दळणवळण' लिहितो. आमची मुलगी शेजारी बसून दुरुस्त करते आणि मध्येच "फुफी, ही ओवी परत म्हणा" म्हणते. चौथं प्रकरण अर्धं झालं आहे.